चार हातांचे अंतर

आमच्या घराच्या मागच्या खोलीत एका भिंतीशी अंडी उबविण्याचे यंत्र आहे आणि समोरच्या भिंतीशी पिल्ले ठेवण्याचे खोके. दोहोंमधील अंतर मोजून चार हात. नुकत्याच जन्मलेल्या बदकाच्या पिल्लाला घेऊन हे अंतर ओलांडावयास एक मिनिटही लागत नाही. परंतु आजवर जी पिल्ले आम्ही गमावली, त्यांतील बहुतेक ह्या चार हातांच्या आगेमागेच गमावली. अंड्यात २८ दिवस सुखरूप राहिलेला जीव बाहेर आल्यावर दोन दिवसांत का दगावतो, ह्याचा विचार करता करता जे ध्यानात आले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या परसात बदके आहेत त्यांस त्याचा उपयोग होईल. आणि ज्यांच्याकडे बदके नाहीत, पण घरात लहान मुले आहेत, त्यांसही ते अगदीच परके वाटणार नाही.

खुडूक कोंबडीचे दिवस

आमच्या आजीच्या काळी बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत यंत्र कोणी पाहिले नव्हते. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली रवणीला ठेवावयाची, हीच रीत. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते. बदकाच्या अंड्यास २८ दिवस लागतात. म्हणजे त्या बिचारीला परक्या लेकरांसाठी एक आठवडा अधिक बसावे लागे. बदकीण पाण्यातून ओल्या अंगाने येऊन अंड्यांवर बसते, कोंबडी तसे करीत नाही, हे जाणून आजी शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचे चार थेंब शिंपडीत असे. पुढे पिल्ले निघत, आणि एके दिवशी ती ओढ्यात उतरत. काठावर उभी राहून कोंबडी जिवाच्या आकांताने ओरडे, आणि पिल्ले खुशाल पोहत असत. लहानपणी आम्हांस त्याचे हसू येई. आता येत नाही.

त्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती की, पिल्लू एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावे लागतच नसे. ज्या पंखांखाली अंडे उबले, त्याच पंखांखाली पिल्लू वाळे, झोपे आणि त्यांतूनच बाहेर डोकावे. उबविणारी आणि वाढविणारी एकच होती. यंत्र आले तेव्हा ह्या एका कामाची दोन कामे झाली. अंडी उबविणारे यंत्र निराळे, पिल्लांस ऊब देणारा ब्रूडर निराळा. आणि त्या दोहोंमधील सांधा माणसाच्या हाती आला. सारा प्रश्न ह्या सांध्याचा आहे.

यंत्राची कल्पना तशी नवी नव्हे. मिसर देशात मातीच्या विटांच्या मोठाल्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबविण्याची कला प्राचीन काळापासून चालत आली. उष्णतामापक नसताना तेथील कारागीर अंडे आपल्या पापणीला लावून त्याची ऊब पारखीत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर ह्यांनी ती विद्या युरोपात आणण्याचा प्रयत्न केला आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बदकांच्या बाबतीत तर यंत्राला पर्यायच उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात अॅडेल कॅम्पबेल ह्या गृहिणीने जी खाकी रंगाची जात तयार केली, ती वर्षाला ३०० च्या घरात अंडी देऊ शकते, पण सहसा रवणीला बसत नाही. अंडी देण्याचा गुण वाढला आणि आईपणाचा गुण मागे पडला. आपल्याकडे जी खाकी कॅम्पबेल बदके दिसतात ती ह्याच कुळातील. तेव्हा अशा बदकांच्या पिल्लांस आई मिळावयाची, तर ती आपल्याच रूपाने.

पहिली चूक: दया

पहिल्या वर्षी आम्ही बारा अंडी ठेवली. यंत्रातील उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस राखली, दिवसांतून चार वेळा अंडी फिरविली, २५ व्या दिवशी फिरविणे थांबविले आणि भांड्यातील पाणी वाढवून दमटपणा वाढविला. सारे पुस्तकी शिस्तीने झाले. २७ व्या दिवशी सकाळी एका अंड्याला तारकेसारखी भेग पडली. आतून चिवचिव ऐकू आली. घरातील धाकटी शाळा बुडवून यंत्रापाशी बसली.

संध्याकाळ झाली तरी ती भेग तेवढीच होती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. “ते आत अडकलंय, त्याला काढा ना!” असे तिने दहा वेळा म्हटले, आणि आमचेही मन द्रवले. टाचणीने आम्ही टरफलाचा एक तुकडा उचलला, मग दुसरा. तिसऱ्या तुकड्याबरोबर पापुद्र्यातून रक्त आले. थेंब लहानच होता. परंतु ते पिल्लू अंड्याएवढेच होते. रात्री दहाच्या सुमारास त्याचा आवाज थांबला.

ह्या प्रकरणात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. अज्ञान मात्र होते. पिल्लू अंड्यात निजून वाट पाहात असते असे आम्ही समजत होतो. वास्तविक त्या वेळी ते आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम करीत असते. प्रथम ते चोचीने आतला पापुद्रा भेदून अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या कप्प्यात शिरते आणि पहिला श्वास घेते. मग टरफलाला भेग पाडते. त्यानंतर ते थांबते, आणि माणसाचा धीर सुटतो तो येथेच. ह्या थांबण्याच्या काळात त्याची फुप्फुसे हवेला सरावतात. टरफलाच्या आतल्या पापुद्र्यात पसरलेल्या बारीक शिरांतील रक्त हळूहळू अंगात ओढले जाते. आणि उरलेला पिवळा बलक पोटात शिरून बेंबी मिटते. एवढे झाल्यावरच ते गोल फिरत टरफल कापू लागते. पहिल्या भेगेपासून बाहेर येईपर्यंत बदकाच्या पिल्लास एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. आम्ही दार उघडले, पण आतली आवराआवर अजून व्हावयाची होती.

दुसरी चूक: उत्सुकता

त्याच वर्षी दुसरेही एक पिल्लू गेले. पहिले पिल्लू बाहेर पडताच शेजारपाजारची मुले जमली. प्रत्येकाला दाखविण्यासाठी आम्ही यंत्राचे झाकण उघडत राहिलो. दर वेळी आतील दमट हवा निघून जाई. ज्या अंड्यांना नुकती भेग पडली होती, त्यांतील पापुद्रा वाळून कातड्यासारखा घट्ट झाला आणि एक पिल्लू त्यात जखडले गेले. शिवाय ओले पिल्लू हाती घेऊन मिरविले ते निराळेच. त्याला थंडी बाधली आणि ते कसेबसे वाचले.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला: पहिली भेग पडल्यावर झाकण उघडावयाचे नाही. पाहावयाचे असेल तर काचेतून पाहावे. पिल्लू जन्मते तेव्हा ओले, केविलवाणे, मान टाकलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, हे आता जाते की काय. त्याला तसेच राहू द्यावे. १२ ते २४ तासांत अंग वाळते, लव फुलून येते, पायांत बळ येते आणि तेच पिल्लू इतर अंड्यांवरून धडपडत चालू लागते. ते कोरडे झाले, फुलले, उभे राहू लागले, म्हणजे हलविण्याची वेळ आली.

“तोवर ते उपाशी नाही का राहणार?” असे आम्हांस अनेकांनी विचारले आहे. राहात नाही. पोटात ओढून घेतलेला बलक हीच त्याची शिदोरी, आणि ती दोन दिवस सहज पुरते. कोंबडीच्या पिल्लांच्या बाबतीत ह्याच शिदोरीच्या भरवशावर अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ साली एक दिवसाची पिल्ले टपालाने पाठविण्यास मान्यता दिली, आणि खोक्यांत भरलेली जिवंत पिल्ले दूरदूरच्या गावी पोहोचू लागली.

परंतु शिदोरी आहे म्हणून प्रवाशाला स्थानकावर बसवून ठेवू नये. दुसऱ्या वर्षी आम्ही उलट टोक गाठले. सर्व अंडी फुटेपर्यंत कोणालाच हलवावयाचे नाही, असे ठरविले. पहिली पिल्ले ४० तासांहून अधिक काळ त्या उष्ण हवेत राहिली. ती सुस्त झाली, तहानेने चोच उघडी टाकून बसली. बदकाचे पिल्लू पाण्याचे आहे. त्याला कोरडे तर व्हावयाचे असते, पण तहानलेले राहावयाचे नसते. म्हणून आता जी तयार झाली त्यांना आम्ही एकत्र, एकाच वेळी, झाकण शक्य तितका थोडा वेळ उघडून काढतो आणि उरलेल्यांना यंत्रात राहू देतो.

घर आधी, पाहुणे मागून

पिल्लू हाती घेऊन मग ब्रूडरचा दिवा शोधू लागणे ही तिसरी चूक. ती आम्ही केली नाही, ह्याचे श्रेय आमच्या आईला. ती म्हणाली, “बाळंतिणीची खोली बाळ आल्यावर सारवतात का?” तेव्हा यंत्रातील अंड्याला भेग पडली की त्याच दिवशी आम्ही समोरच्या भिंतीशी कामाला लागतो.

आमचा ब्रूडर म्हणजे उंच कडांचे एक लाकडी खोके. त्याच्या एका टोकावर दिवा टांगलेला. दुसरे टोक मोकळे आणि जरा थंड. दिव्याखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिले काही दिवस सुमारे ३२ अंश उष्णता हवी. पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंश उतरवीत जावे. दिवा खोक्याच्या मधोमध न टांगता एका टोकाला टांगावा, म्हणजे ज्याला उकडेल त्याला दूर जाता येते. उष्णतामापक जवळ असावा, पण खरा मापक पिल्लेच होत. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून कलकलाट करीत असतील तर त्यांस थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकीत असतील तर उकडते आहे. सैल पसरून स्वस्थ निजली असतील तर आपणही स्वस्थ निजावे.

येथे एक सूचना. घरोघरी आता एल.ई.डी. दिवे आले आहेत. त्यांचा उजेड चांगला, पण त्यांतून पिल्लांस पुरेशी ऊब मिळत नाही. त्यासाठी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा ऊब देणारा लाल दिवा लागतो. तो साखळीने पक्का टांगावा. नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये. खाली तूस असते, आणि तूस पेटावयास वेळ लागत नाही. बेळगावच्या पावसात वीज जाणे हे काही नवल नव्हे. त्यासाठी गरम पाण्याच्या बाटल्या जाड फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवण्याची तयारी आधीच असावी.

तळाशी काय घालावे, हा प्रश्न लहान वाटतो. पहिल्यांदा आम्ही वर्तमानपत्र पसरले होते. कागद गुळगुळीत, त्यावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकू लागले. जन्मतः पाय कोवळे असतात. घसरत राहिले तर तसेच फाकलेले राहतात आणि पिल्लू पुढे उभेच राहू शकत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस खरखरीत गोणपाट किंवा जुना टॉवेल घालावा. खाणे कोणते आणि तूस कोणते हे त्यांना कळू लागले, म्हणजे मग भाताचे तूस घालावे.

आता ते चार हातांचे अंतर. खिडक्या लावून घ्याव्यात, पंखा बंद करावा. टोपलीत गरम केलेले फडके घालावे, पिल्ले त्यांत ठेवून वरून दुसरे फडके टाकावे. पिल्लाला मानेने वा पायाने उचलू नये. तळहात पोटाखाली द्यावा. आणि हात आधी व नंतर साबणाने धुवावेत. मुलांना पिल्ले गालाशी धरण्याचा मोह होतो. तो आवरावयास शिकवावे, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही माणसाला बाधणारे जंतू असू शकतात.

पाणी आणि दाणा

नव्या घरात पिल्लू ठेवताना आम्ही प्रत्येकाची चोच एकदा हलकेच पाण्यात टेकवितो. एकाने पाणी ओळखले की बाकीची त्याचे पाहून शिकतात. पाणी कोमट असावे. भांडे असे असावे की, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण अंग बुडणार नाही. कारण बदक नाकपुड्या धुतल्यावाचून सुखी नसते. आम्ही पसरट थाळीत गोटे घालून ठेवतो.

बदकाचे पिल्लू म्हणजे पोहणारच, असे समजून त्याला पहिल्याच दिवशी घंगाळात सोडणाऱ्यांचे आम्हांस भय वाटते. आईबरोबर पाण्यात उतरलेले पिल्लू दमले की तिच्या पंखांखाली शिरून वाळते आणि ऊब घेते. आपल्या पिल्लाला तो पंख नाही. त्याच्या शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची ग्रंथीही अद्याप नीट कामाला लागलेली नसते. त्याची लव भिजते, अंग गारठते, आणि पाण्याचा जीव पाण्यानेच मरतो. काही आठवडे धीर धरावा. पिसे फुटली म्हणजे ओढा कोठे जात नाही.

दाण्याविषयी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पहिली ही की, बदकाच्या पिल्लास नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाहून अधिक लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. कोंबडीच्या पिल्लांचा दाणा देत असल्यास त्यात थोडे यीस्ट मिसळावे, आणि दाणा ओलसर करून द्यावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले, आणि त्यांच्याबरोबर बदकाची पिल्लेही मेली. शोध घेता असे आढळले की, त्यांना दिलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष होते. त्या विषास पुढे अॅफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले, आणि त्याला बळी पडणाऱ्या पक्ष्यांत बदकाचे पिल्लू सर्वांत नाजूक ठरले. म्हणून पावसाळ्यात कुबट वास येणारी पेंड किंवा बुरसटलेला मका “जनावरालाच घालावयाचा आहे” म्हणून देऊ नये. जे आपण ताटात घेणार नाही, ते त्या थाळीतही नको.

आईचा आवाज

ऊब, पाणी, दाणा हे सर्व दिल्यावरही एक गोष्ट उरते. अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलिब ह्यांनी बदकांच्या पिल्लांवर दीर्घकाळ प्रयोग केले. पिल्लू टरफलात असतानाच आवाज करते आणि ऐकते, आणि ह्या ऐकण्याचा जन्मानंतर आईची हाक ओळखण्याशी संबंध आहे, असे त्यांनी दाखविले. ऑस्ट्रियातील कोनराड लॉरेन्झ ह्यांना तर १९७३ साली प्राणिवर्तनाच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बदकाची पिल्ले नुसत्या मूक माणसामागे चालत नाहीत, हे त्यांनी स्वतः आई होऊन पाहिले. एका पेन्टेकॉस्टच्या रविवारी हे विद्वान गृहस्थ गवतात उकिडवे बसून, बदकिणीसारखे ओरडत पुढे सरकत होते आणि मागून पिल्ले येत होती. गवत उंच असल्याने कुंपणावरून पाहणाऱ्यांस पिल्ले दिसली नाहीत. दिसला तो केवळ ओरडणारा प्राध्यापक!

आम्ही इतके करीत नाही. परंतु खोक्याशी वाकून हलक्या आवाजात बोलतो, आणि एकटे पिल्लू कधीही ठेवीत नाही.

शेवटचे पिल्लू

गेल्या पावसाळ्यात आठ पिल्ले निघावयाची होती. सात निघाली, वाळली आणि टोपलीतून समोरच्या भिंतीशी गेली. आठव्याने भेग पाडली ती आदल्या रात्री, आणि ते तेथेच थांबले. बाहेर पाऊस कोसळत होता. सातांचा आवाज एका भिंतीपासून येई, आणि यंत्रातून एक बारीक उत्तर. धाकटी आता मोठी झाली आहे. ती यंत्रापाशी बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. तिने टाचणी मागितली नाही. आम्हीही काही बोललो नाही. पहिल्या वर्षीचे ते पिल्लू दोघांनाही आठवत होते.

दुपारी तीनच्या सुमारास टरफल फिरू लागले. साडेचारला ते बाहेर आले आणि मान टाकून पडले. तिने काचेवर हात ठेवला, पण झाकणाला लावला नाही. रात्रभर ते तेथेच राहिले. सकाळी पाहतो तो पिवळे, कोरडे, फुललेले पिल्लू उभे राहून जोराने हाका मारीत होते.

तिने फडके गरम केले, तळहात त्याच्या पोटाखाली दिला आणि चार हात चालून गेली. खोक्यात ठेवताच त्याने एकदा इकडेतिकडे पाहिले. सातही पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन निजली होती. ते त्यांच्यात शिरले, अगदी मधोमध, आणि त्याचा आवाज थांबला.

ह्या वेळी तो थांबला ते चांगल्यासाठी.